दिवा लुकलुकतोय म्हणजे स्मोक डिटेक्टर ठणठणीत?

छतावरच्या स्मोक डिटेक्टरचा दिवा लुकलुकतोय म्हणजे तो ठणठणीत आहे, असा समज वर्षानुवर्षे फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण तो दिवा बहुतेक वेळा एवढंच सांगतो की वीज पोहोचते आहे. अनेक डिटेक्टरमध्ये धूर ओळखला जातो आतल्या छोट्या कप्प्यात: धुराच्या कणांनी तिथला प्रकाश विखुरला की तो सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. जाळीवर धूळ साचली किंवा रंगकामाच्या वेळी लावलेली प्लास्टिकची टोपी तशीच राहिली, तर धूर आत शिरतच नाही. दिवा मात्र लुकलुकत राहतो. म्हणून देखभाल करणाऱ्यांना चाचणीचा स्प्रे (धुरासारखे कण सोडणारा) प्रत्यक्ष डिटेक्टरवर मारायला सांगा. इमारतीत सगळे डिटेक्टर जोडलेलं अलार्म पॅनेल असेल तर त्यावर त्याच भागाची सूचना येते का, भोंगा शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जातो का, हे स्वतः उभं राहून पाहा. घरगुती डिटेक्टरला 10 वर्षं झाली असतील तर तो बदलाच. उत्पादनाची तारीख मागच्या बाजूला असते.