पॉवरहाउस (वाद्यरचना)

पॉवरहाउस : अमेरिकन संगीतकार रेमंड स्कॉट (१९०८–१९९४) यांची १९३७ मधील जॅझ वाद्यरचना. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘लूनी ट्यून्स’ आणि ‘मेरी मेलडीज’ या कार्टूनमालिकांमुळे ती असंख्य लोकांच्या कानांत बसली. स्कॉट यांनी मात्र ती कार्टूनसाठी रचली नव्हती.

रचनेत एकमेकींशी फारसे नाते नसलेल्या दोन सुरावटी आहेत. पहिली भरधाव, क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन जणू एकमेकांच्या मागे धावत सुटतात. दुसरी संथ, जड पावलांची. एकच आकृती न थकता पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यातून चालू यंत्राचा भास होतो. पाठलागाला पहिली आणि कारखान्याला दुसरी इतकी चपखल बसते, की चित्र आधी आणि संगीत नंतर, असेच वाटावे.

मूळ ध्वनिमुद्रण स्कॉट यांच्या ‘क्विंटेट’ने केले, नाव पंचकाचे असले तरी वादक सहा होते. ड्रमवर जॉनी विल्यम्स होते, पुढे चित्रपटसंगीतात मोठे नाव मिळवलेल्या जॉन विल्यम्स यांचे वडील. स्कॉट स्वरलिपी हाती देत नसत. पियानोवर तुकडा वाजवून दाखवायचा, वादकांनी तो तोंडपाठ करायचा, अशी तालीम चाले. एकदा बसलेली रचना मग तशीच वाजवावी लागे, आयत्या वेळच्या वादनाला वाव जवळपास नसे. जॅझच्या अनेक चाहत्यांना हे रुचले नाही, पण पॉवरहाउसची घट्ट, नेमकी वीण याच शिस्तीतून आली आहे.

१९४३ मध्ये स्कॉट यांच्या रचनांचे प्रकाशनहक्क वॉर्नर ब्रदर्सकडे गेले आणि कार्टूनविभागाचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांना त्या मुक्तपणे वापरता येऊ लागल्या. चाळीसहून अधिक कार्टूनमध्ये त्यांनी पॉवरहाउसचे तुकडे पेरले. ‘बेबी बॉटलनेक’ (१९४६) मध्ये बाळांच्या कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावर दुसरी सुरावट वाजते. तिचा याहून नेमका उपयोग क्वचितच झाला असेल. स्टॉलिंग यांची ही निवड म्हणजे रचनेचा दुसरा जन्मच होय.

१९९५ मध्ये भारतात आलेल्या कार्टून नेटवर्कवर वॉर्नरची ही जुनी कार्टून दाखवली गेली. त्यामुळे त्या काळी लहान असलेले अनेक मराठी प्रेक्षकही ही सुरावट ओळखतात, रचनेचे वा रचनाकाराचे नाव माहीत नसतानाही.