विपणन आणि ग्राहकवर्तन : गोव्याचा बाजार

ग्राहकाला काय हवे, केव्हा हवे आणि त्यासाठी तो किती पैसे मोजील हे ओळखून वस्तू तयार करणे, तिची किंमत ठरवणे, ती त्याच्यापर्यंत पोचवणे आणि तिची माहिती त्याच्या कानी घालणे, या सगळ्या व्यवहाराला विपणन म्हणतात. तोच ग्राहक खरेदी का करतो, दोन वस्तूंतली एक कशी निवडतो आणि घरी गेल्यावर त्याला आपल्या निवडीबद्दल काय वाटते, याचा अभ्यास म्हणजे ग्राहकवर्तन. वाणिज्य शाखेत हे विषय वेगवेगळ्या पेपरांत शिकवले जातात. बाजारात मात्र ते एकमेकांत मिसळलेले असतात. या नोंदीत दोन्हींची मूलतत्त्वे गोव्यातल्या उदाहरणांनी मांडली आहेत. येथल्या खरेदी-विक्रीवर ऋतू, सणवार आणि बाहेरून येणारा माणूस यांचा इतका पगडा आहे, की पाठ्यपुस्तकातले बरेच नियम कागदावर उतरण्याआधीच येथे अंगवळणी पडलेले दिसतात.

शास्त्र म्हणून विपणनाची आजची मांडणी अमेरिकेत झाली. धंद्याचे प्रयोजन ग्राहक निर्माण करणे हे आहे, असे पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये म्हटले. सगळे ग्राहक एकसारखे न मानता त्यांचे गट पाडावेत ही कल्पना वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये मांडली. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी अशी चार अंगे सांगितली; त्यांची इंग्रजी नावे ‘पी’पासून सुरू होतात म्हणून विद्यार्थ्यांच्या तोंडी ती ‘चार पी’ झाली. त्याच वर्षी थिओडोर लेव्हिट यांनी, आपण कोणती वस्तू विकतो एवढेच पाहणाऱ्या आणि ग्राहकाची गरज विसरणाऱ्या कंपन्या मागे पडतात, असा इशारा दिला. रेल्वे कंपन्यांनी आपला धंदा रेल्वेचा मानला, वाहतुकीचा मानला नाही, हे त्यांचे गाजलेले उदाहरण.

मागणी केव्हा उठते, हे समजायला पुरुमेंताएवढे चांगले उदाहरण नाही. पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढा साठा मे महिन्यात करून ठेवायचा, या रिवाजाला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज, अर्थ बेगमी. सुकी मिरची, मीठ, सोलां (आमसुले), चिंच, कांद्याच्या माळा, सुकी सुंगटां (कोळंबी), सुके बांगडे हा त्यातला ठरलेला माल. पावसात नदी-खाडी ओलांडणे कठीण, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, अशा काळात या रिवाजावाचून घर चालत नसे. आज पूल आहेत, फ्रीज आहेत, कोपऱ्यावर पसरो, म्हणजे किराणा दुकान, उघडा असतो, तरी मे उजाडला की मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गर्दी लोटते. गरज ओसरली तरी सवय टिकते, आणि सवयीबरोबर खरेदीची तारीखही टिकते. शिवाय पुरुमेंत अगदीच निरर्थक झालेले नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ताजे नुस्ते, म्हणजे मासळी, महागते, आणि मे महिन्यात घेतलेले सुके बांगडे तेव्हा खरेच कामी येतात. मिरची विकणारी बाई हे जाणते. तिला जाहिरात करावी लागत नाही. आभाळ भरून आले की तिची जाहिरात आपोआप होते.

असेच दुसरे टोक चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे. गणपतीच्या मूर्तीवर टांगायच्या माटोळीसाठी रानातली फळे, वेली, फुले विकायला आणली जातात आणि दोन-तीन दिवसांत संपतात. चवथ सरली की कांगलां, घागऱ्या अशा त्याच रानवस्तूंना कोणी हात लावत नाही. वस्तूची किंमत तिच्या उपयोगावर किती आणि दिवसावर किती अवलंबून असते, ते येथे उघड दिसते. त्यापुढची पायरी पावणीची. देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या या लिलावात एखादा नारळ किंवा केळ्यांचा घड बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची, म्हणजे ऐपत मिरवण्यासाठी खर्च करण्याची, कल्पना मांडली. पावणीतला बोलीदार काही अंशी त्यात बसतो, पण पूर्णपणे नाही. तो मान विकत घेतो हे खरे, पण पैसा देवाच्या कामाला जातो हेही त्याच्या मनात असते, आणि या दोन हेतूंची वाटणी त्याची त्यालाही करता येणार नाही.

रोजच्या बाजाराचे वर्तन सगळ्यात स्पष्ट दिसते ते नुस्त्यात. नुस्त्याची मागणी किमतीला सहसा दबत नाही. विसवण (सुरमई) महागली म्हणून गोंयकाराच्या ताटातले नुस्ते जात नाही. घर विसवणावरून बांगड्यावर आणि बांगड्यावरून तारल्यांवर उतरते. अर्थशास्त्रात यालाच पर्यायी वस्तूकडे वळणे म्हणतात. सोमवारी अनेक हिंदू घरांत नुस्ते शिजत नाही, श्रावणात तर कित्येकांचे महिनाभर बंद. ख्रिस्ती घरांत ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासळी चालते. दोन धर्मांची ही दोन कॅलेंडरे नुस्तेकान्नीला, म्हणजे मासळी विकणाऱ्या बाईला, तोंडपाठ असतात, आणि पाटी किती भरायची हे ती त्यावरून ठरवते.

लहान मासळी तराजूवर न तोलता वाट्यावर, म्हणजे ढीग लावून, विकली जाते, हा मुद्दा अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. वाट्याचा भाव सहसा गोल आकड्याचा असतो आणि दिवसभर तोच राहू शकतो. बदलतो तो वाट्याचा आकार. सकाळचा वाटा आणि दुपारी बारानंतरचा वाटा एकाच पैशात सारखा नसतो. ग्राहकाला दर किलोचा हिशेब करता येत नाही, म्हणून तो डोळ्यांनी माप घेतो. बाई पहिला आकडा चढा सांगते. माणूस पुढची सगळी घासाघीस त्या पहिल्या आकड्याच्या आसपासच करतो, असे एमोस ट्व्हर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी १९७४ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले होते. शेवटी भाव उतरत नाही, वाट्यावर चार तारले जास्त पडतात, आणि दोघेही आपण जिंकलो या समजुतीत वेगळे होतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मात्र पहिला आकडाच वेगळा असतो. वर्षानुवर्षे एकाच बाईकडे घेणाऱ्याला ती ‘आज घेऊ नका, माल कालचा आहे’ असेही सांगते. आजची विक्री सोडून उद्याचा ग्राहक राखणे याला व्यवस्थापनाच्या वर्गात नात्याचे विपणन म्हणतात.

हा विश्वास किती नाजूक असतो, ते जुलै २०१८ मध्ये दिसले. बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन असल्याच्या बातमीने घबराट पसरली, सरकारने परराज्यातील मासळीच्या आयातीवर काही काळ बंदी घातली, आणि ज्या राज्यात नुस्त्यावाचून जेवण नाही तेथेच लोकांनी नुस्ते टाळले. धोका डोळ्यांना दिसत नसला की ग्राहक संपूर्ण वस्तूच नाकारतो. चांगला विक्रेताही वाईटाबरोबर बुडतो. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले होते : माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगल्या मालालाही चांगला भाव मिळत नाही.

वितरणात पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, तोड नाही. सायकलच्या मागे टोपली, भोंगा वाजवत पहाटे आणि संध्याकाळी दारात हजर. पाव, पोळी, उंडे, कांकणां, सगळे पावाचेच प्रकार. घरपोच सेवा म्हणून आज मोबाइलवर जे विकले जाते, ते गोव्याच्या वाड्यावाड्यांवर कितीतरी आधीपासून चालू आहे. पावाचा भाव एका रुपयाने वाढला तर विधानसभेपर्यंत ओरड जाते. पाव थोडा लहान झाला तर घरातल्या घरात कुरकुर होते, इतकेच. बदल ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्याशिवाय माणसाला जाणवत नाही, हा एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाचा एकोणिसाव्या शतकातला नियम बिस्किटांच्या पुड्यांनाही लागू पडतो आणि उंड्यालाही.

नाव ही विपणनातली मोठी गोष्ट मानतात. गोव्यात गावाचे नाव हीच छाप : खोलची मिरची, हरमलची मिरची, आगशीची वांगी, मयड्याची केळी. कंपनी नाही, खोके नाही, तरी ग्राहक नाव विचारूनच घेतो. यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे ठिकाणाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले ते अलीकडे, साधारण २०२० पासूनच्या काही वर्षांत. नावाविषयीच्या पुस्तकी सल्ल्याला मानकुराद आंब्याने मात्र चांगलाच चकवा दिला आहे. ‘माल कोरादा’ म्हणजे रंगाने वाईट, अशी या पोर्तुगीज नावाची फोड सांगतात. कोणताही जाहिरातदार असे नाव घेऊ देणार नाही. तरी हंगामाच्या सुरुवातीला हाच आंबा डझनाला हजारो रुपयांनी जातो. एप्रिल-मेमध्ये माल वाढला की भाव कोसळतो, आंबा तोच. पहिला डझन घेणारा चवीपेक्षा पहिलेपणाला पैसे मोजत असतो.

फेणीची गोष्ट उलट दिशेची. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक फक्त उन्हाळ्यात मिळतो, म्हणून त्याची वाट पाहिली जाते. फेणी बारमाही असूनही दीर्घकाळ ‘देशी दारू’च्या सरकारी वर्गात अडकून राहिली, आणि या शिक्क्यामुळे तिला ना प्रतिष्ठा ना राज्याबाहेरचा बाजार. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मग सुबक बाटल्या आल्या, कॉकटेल आली, चव घ्यायला नेणाऱ्या सहली आल्या. मद्य तेच, पण ग्राहकाच्या मनातली त्याची जागा बदलण्याचा हा प्रयत्न; विपणनात याला स्थाननिश्चिती म्हणतात. गावच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, पेला घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याला या सगळ्याची गरज नव्हती, हेही नोंदवायला हवे.

परदेशी मालाची ओढ हा गोव्याच्या ग्राहकाचा जुना गुण. भारताने १९५४-५५ पासून आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने समुद्रामार्गे माल आणला : हॉलंडचे बटाटे, पोर्तुगालची दारू, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट. १९६१ च्या मुक्तीनंतर ही आवक थांबली, पण ओढ राहिली. बोटीवरून सुट्टीला येणारा तारवटी आणि गल्फमधला नातेवाईक यांच्या बॅगेतल्या साबणाने, चॉकलेटांनी ती पुढे चालवली.

पर्यटकाचा बाजार वेगळाच. ऑक्टोबरपासूनच्या हंगामात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात येणारा माणूस परत येणार नसतो, म्हणून तेथे नात्याचे नियम चालत नाहीत. एकाच पिशवीचा भाव गिऱ्हाइकाच्या भाषेवरून आणि उन्हात लालबुंद झालेल्या नाकावरून ठरतो. काजूगर घेणाऱ्या पर्यटकाला गोव्याचा गर आणि आफ्रिकेतून कच्चा आणून येथे फोडलेला गर यांतला फरक कळत नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूगराला मानांकन मिळाले त्यामागे हेही कारण आहे.

ग्राहकाला कायद्याचे संरक्षण १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मिळाले. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ऑनलाइन खरेदी आणि फसव्या जाहिरातीही आल्या. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणे दुकानदाराला मना आहे. थंड केल्याचे म्हणून वर पाच रुपये मागणाऱ्या गाड्यावर हा नियम लागतो. पण टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेल-रेस्टॉरंटवर लागत नाही, कारण तेथे बाटलीबरोबर सेवाही विकली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवले. तीच पाण्याची बाटली रस्त्यावरच्या गाड्यावर छापील भावाने आणि पन्नास पावलांवर, वाळूत मांडलेल्या खुर्चीत बसल्यावर त्याहून चढ्या भावाने मिळते, ती यामुळे.