पाच रुपयांचा सांभार आणि शंभर कड्यांची साखळी

‘यूपीआयवर आता चार्ज लागणार’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतोच. तो फिरला की आमच्याकडच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशी क्यूआरचा पुठ्ठा पोत्याखाली सरकवतात आणि म्हणतात, “चिल्लर असन तं द्या.” एप्रिल 2023 पासून लागू झालेलं, बरंच गाजलेलं ते 1.1 टक्के शुल्क वॉलेटमधून (ॲपमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशांतून) दुकानदाराला दिलेल्या 2000 रुपयांवरच्या रकमेसाठी होतं, आणि तेही गिऱ्हाइकाच्या खिशातून नव्हे. खात्यातून खात्यात पैसे पाठवताना आपल्याला काही लागत नाही. दुकानदारावरचं शुल्कही 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे.

शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असं मात्र नव्हे. पाच रुपयांचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतला तरी निरोप यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे जातो, तिथून तुमच्या बँकेकडे. बँक पिन तपासते, रक्कम वजा करते, मग मावशींच्या बँकेत जमा होते आणि उलट निरोप येतो. पन्नास हजारांनाही एवढंच काम. ते करणाऱ्या संगणकांचं बिल कुणीतरी भरतंच. सरकार त्यासाठी बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं.

म्हणून सप्टेंबर 2022 मध्ये यूपीआय लाइट आलं. पिन टाकून थोडे पैसे एकदाच बाजूला काढायचे, मग छोटे व्यवहार पिनशिवाय. प्रत्येक चहा-खर्ऱ्यासाठी बँकेच्या मुख्य यंत्रणेला उठवावं लागत नाही, आणि पासबुकात फक्त पैसे बाजूला काढल्याची एक ओळ येते.

पण मला खरं वेड आहे ते छोट्या पेमेंटसाठीच्या 1996 च्या ‘पेवर्ड’ या कल्पनेचं. रिव्हेस्ट आणि शमीर या दोन संगणकशास्त्रज्ञांची ही करामत. आरएसए कूटपद्धतीतले ‘आर’ आणि ‘एस’ ते हेच. तिचा पाया म्हणजे हॅश: कुठल्याही आकड्याचा ठरावीक लांबीचा चुरा करणारं सूत्र. आकड्यावरून चुरा चुटकीसरशी निघतो, चुऱ्यावरून आकडा काढणं जवळजवळ अशक्य.

आता एक गुप्त आकडा घ्या, त्याला म्हणू क100. त्याचा हॅश क99, त्याचा क98, असं करत क0 पर्यंत या. सकाळी पानठेलेवाल्याला फक्त क0 सही करून द्या. एक रुपया द्यायचा? क1 दाखवा. तो त्याचा हॅश काढतो, क0 आला की रुपया खरा. आणखी पाच रुपये द्यायचे तर थेट क6 दाखवा. त्याने पाचदा हॅश काढला की क1 यायलाच हवा. क6 हाती असूनही क7 त्याला बनवता येत नाही, कारण सूत्र उलटं चालत नाही. दिवसभरात 37 रुपये झाले, तर संध्याकाळी तो एकटा क37 आणि तुमची सही बँकेला देतो. बँकेत नोंद एकच! किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखंच हे, फक्त इथे एक ओळही वाढवून लिहिता येत नाही.

अडचण अशी की साखळी एकाच विक्रेत्यापुरती असते. रोजच्या पानठेल्यावर ती शोभते; दहा जणींकडून भाजी घ्यायची तर दहा साखळ्या हव्यात. शिवाय संध्याकाळी तुमच्या खात्यात पैसेच नसले तर ठेलेवाला बुडाला. लाइटमध्ये पैसे आधीच बाजूला काढलेले असतात, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

‘छोट्या पेमेंटवर बिटकॉइन हाच उपाय’ असं सांगणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत. बिटकॉइनच्या मूळ साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, शुल्क रकमेवर ठरत नाही. व्यवहाराची नोंद किती जागा खाते आणि तेव्हा गर्दी किती, यावर ठरतं. गर्दीच्या दिवशी सांभारापेक्षा शुल्क जड जाईल.

लाइटची सध्याची मर्यादा एका वेळी 1000 आणि शिल्लक 5000 रुपये. पिन लागत नाही, म्हणून मोबाइलला लॉक हवंच. पोरांच्या हाती उघडा फोन दिला तर तेही चॉकलेट घेऊन येतील. नाहीच पटलं, तर लाइट बंद करा, उरलेले पैसे खात्यात परत जातात.