जुन्या खिडक्या काढल्याशिवाय हरित मानांकन मिळत नाही?

वारसा इमारत ऊर्जेच्या हरित निकषांत बसवायची तर जुन्या खिडक्या उखडून नव्या लावाव्याच लागतात, हा समज अनेक वर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. १९३१ साली उभ्या राहिलेल्या न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने नूतनीकरणानंतर २०११ मध्ये लीड (LEED) या हरित इमारतींच्या अमेरिकी मानांकन पद्धतीचे सुवर्ण मानांकन मिळवले, तेही ६,५१४ खिडक्यांपैकी बहुतेक काच व चौकटी पुन्हा वापरून. (त्या खिडक्या मूळच्या नव्हत्या, नंतर बसवलेल्या दुहेरी काचेच्या होत्या, हे मान्यच.) पाचव्या मजल्यावर कार्यशाळा थाटून प्रत्येक खिडकीच्या दोन्ही काचा सुट्या करण्यात आल्या, धुऊन त्यांच्यामध्ये उष्णता अडवणारा पातळ पारदर्शक पडदा ताणून बसवला गेला आणि पोकळीत निष्क्रिय वायू भरून कडा पुन्हा सीलबंद केल्या गेल्या. जुनी काच भंगारात न गेल्याने नवी घडवण्याची ऊर्जाही वाचली, ज्याचा हिशेब हा समज पसरवणारे सहसा मांडतच नाहीत. शिवाय ऊर्जावापरात ३८ टक्के कपातीचे उद्दिष्ट एकट्या खिडक्यांच्या भरवशावर ठेवलेले नव्हते. खोल्या गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमागे उष्णतारोधक थर बसवणे, तळघरातील शीतकरण यंत्रणा सुधारणे आणि हवा खेळवण्याचे नियंत्रण बदलणे ही दर्शनी भागाला हातही न लावणारी कामे त्यात होती.