उरुशीचा चमचा : घेतल्यावर एवढं पाळा

"चमच्याच्या कडेला फुगा आलाय, बदलून द्याल का?" असे फोन आम्हाला सारखे येतात. आम्ही एकच विचारतो, चमचा रात्रभर सिंकमध्ये होता का? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "हो, मावशी सकाळी येतात ना."

रामेन किंवा उदोनच्या गरम रश्श्यात चमचा तासभर राहिला तरी काही बिघडत नाही. उरुशी, म्हणजे चमच्यावरचा झाडाच्या चिकाचा जपानी लेप, मीठ, तेल, सोया सॉस कशालाच दाद देत नाही. पण आत लाकूड आहे. जपानमधल्या वाजिमा गावचे कारागीर पातळ कडांवर कापड चिकटवून त्यावर भाजलेल्या मातीच्या पुडीचं अस्तर देतात, तरी वापरून कड झिजते. खरकट्या भांड्यांत रात्रभर बुडून राहिलं की पाणी तिथून आत शिरतं, लाकूड फुगतं आणि लेप सुटतो.

म्हणून जेवण झालं की हा एक चमचा तेवढा लगेच विसळून टाका. मऊ स्पंज आणि नेहमीचा साबण चालतो. हिरवी घासणी नको, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह तर नाहीच. धुतल्यावर फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. उन्हाने झळाळी जाते. गॅसवरच्या उकळत्या पातेल्यात ढवळायलाही घेऊ नका.

भिजून फुगलेला चमचा आम्ही फुकट बदलून देत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण दुरुस्ती म्हणजे वरून रंगाचा हात मारणं नव्हे. आपल्याकडे रंग उन्हात वाळवतात. उरुशीला घट्ट व्हायला उबदार, दमट कपाट लागतं, आर्द्रता साधारण 70 ते 80 टक्के. एक थर बसला की घासायचा, मगच पुढचा. त्यात 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात आणि आगीत वाजिमातल्या कित्येक कार्यशाळा गेल्या. दुरुस्तीला महिने लागतात ते यामुळे. केसाएवढी भेग दिसली की लगेच आणून द्या, खर्च पुष्कळ कमी येतो.

ही लाख आहे का, असं शाकाहारी मंडळी हमखास विचारतात. नाही. लाख किड्यांपासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक. झाड मात्र आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं, त्यामुळे ओली उरुशी अंगावर उतते. पूर्ण घट्ट झालेल्या लेपाचा सहसा त्रास होत नाही; तरी बिब्बा फार उतत असेल तर घेण्याआधी सांगा. नव्या चमच्याला वास येतो, तो काही दिवस तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला की जातो. जपानी घरांतली ही जुनी युक्ती आहे.

घरात भांडी भिजत पडणारच असतील तर काळा-लाल वाजिमा चमचा पाहुण्यांसाठी ठेवा आणि रोजच्यासाठी फुकी-उरुशीचा घ्या. त्यात उरुशी लाकडात चोळून पुसून घेतात, लाकडाच्या रेषा दिसतात, किंमतही कमी. भिजवायचा तोही नाही, पण त्यावर पुन्हा हात फिरवणं सोपं जातं. स्टीलसारखा ओठाला चटका दोन्ही देत नाहीत. शनिवारी दुपारी दुकानात या, सूप पिऊन बघा आणि मग ठरवा.