तांदूळ पांढरा झाला कसा? लाल रंगाच्या जीनची पार्श्वभूमी

सध्या लाल तांदूळ हेल्दी म्हणून चढ्या भावाने विकला जातोय आणि पाकिटं बघून वाटतं की कुणीतरी लॅबमध्ये मुद्दाम हा रंग आणलाय. आहे नेमकं उलटं. मूळचा तांदूळ लालच. तळ्याकाठी आपोआप उगवणारं देवभात सोला, दाणा लालसर निघतो, आणि चरकसंहितेत सगळ्या शूकधान्यांत पथ्याला श्रेष्ठ म्हटलंय तेही लाल साळीलाच. बिघाड झालाय तो पांढऱ्यात.

रंग असतो फक्त तूस काढल्यावर दिसणाऱ्या कोंड्याच्या पातळ थरात, आतला दाणा पांढराच, म्हणून फुल पॉलिश मारलं की लाल तांदळाचा रंग गेला. बरं, हा थर आईच्या झाडाचा असतो, आतल्या नव्या जीवाचा नाही. त्यामुळे पांढऱ्या भाताच्या फुलावर लाल भाताचे पराग टाकले तरी त्या लोंबीत दाणे पांढरेच भरतात, ते पेरून आलेल्या झाडावर सगळेच लाल, आणि 3 लाल 1 पांढरं ही फोड दिसते ती त्याच्याही पुढच्या पिढीच्या झाडांत. एवढा घोळ असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जपानी संशोधकांनी हिशोब जुळवला होता की जीन दोन आहेत, आरसी आणि आरडी. दोन्ही चालू तर दाणा पूर्ण लाल, नुसता आरसी चालू तर तपकिरी ठिपके, नुसता आरडी असेल तर पांढरा.

पण हे जीन नक्की काय आहेत ते कळायला भाताचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा मजकूर, हाताशी यावा लागला. तो 2005 मध्ये पूर्ण झाला (अकराव्या क्रोमोसोमच्या कामात भारत पण होता) आणि 2006 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या सुझन मकाऊच यांच्या टीमने सातव्या क्रोमोसोमवर आरसी पकडला. हा इतर जीन चालू करणारा स्विच निघाला. पांढऱ्या तांदळात त्यातली 14 अक्षरं गळालेली. डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, 14 ला 3 ने भाग जात नाही, म्हणजे पुढचं सगळं वाचन गंडलं आणि प्रोटीन अर्धवट. 2007 मध्ये अजून भारी गोष्ट कळली, तपासलेल्या पांढऱ्या वाणांपैकी जवळपास 98 टक्क्यांत हीच 14 अक्षरं गायब! म्हणजे हा अपघात एकदाच, जॅपोनिका भातात झाला आणि तिथून संकरातून इंडिका भातात आला (भाताचे हे दोन मुख्य गट), आपला रोजचा भात इंडिकातलाच.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा अमेरिकेतला. वेल्स नावाच्या पांढऱ्या वाणात लाल दाणे निघाले. असं झालं की पहिला संशय शेतात तण म्हणून माजणाऱ्या लाल भातावर जातो, पण 2008 मध्ये छापून आलं की त्याच जीनमध्ये जवळच अजून 1 अक्षर गळालं होतं. 14 अधिक 1 म्हणजे 15, तीनने भाग गेला, वाचन परत रुळावर आलं आणि दाणा लाल!

बियाणेवाल्यांना मात्र 2011 चा शोध जास्त कामाचा. तणाच्या लाल भातावर काम करणाऱ्या साउथ डकोटाच्या टीमने दाखवलं की हाच आरसी दाणा भरायच्या सुरुवातीला ॲब्सिसिक ॲसिड (बीला उगवण्यापासून रोखणारं हार्मोन) वाढवतो, म्हणजे रंग देतो आणि बी झोपवूनही ठेवतो. झोपणारं बी तरव्यात मागेपुढे उगवणार, कुठल्याच शेतकऱ्याला ते नको, त्यामुळे जुन्या लोकांनी पांढरा रंग निवडला की एकसारखी उगवण निवडली हा माझ्या मते उघडा प्रश्न आहे. दुसरी बाजू कोकणात कुणालाही विचारा, कापणीच्या तोंडावर पाऊस लागला की आडव्या पडलेल्या भाताला लोंबीतच कोंब येतात, तिथे थोडी झोप हवीच असते.

काळ्या तांदळाची भानगड वेगळी, तिथे चौथ्या क्रोमोसोमवरचा काला4 नावाचा जीन बिघडला नाही, उलट नको तिथे चालू झाला. आणि लालचं म्हणाल तर 2019 मध्ये चीनमध्ये क्रिस्परने (डीएनएत हवा तिथे बदल करायचं तंत्र) तो मोडका आरसी दुरुस्त करून पांढऱ्या वाणाचा दाणा लाल करून झालाय, वेल्समध्ये निसर्गाने केलं तेच, फक्त ठरवून.