गिअरचा दांडा आखूड केल्यावर नेमकं काय बदलतं?

शॉर्ट शिफ्टरच्या, म्हणजे गिअरच्या दांड्याचा प्रवास आखूड करणाऱ्या किटच्या जाहिरातीत एक आकडा हमखास ठळक असतो: गिअर टाकताना हाताचा प्रवास ३० टक्के कमी, ४० टक्के कमी. आकडा बहुतेक वेळा खराही असतो. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा छापला तर ग्राहकाचं भलं होईल, तो म्हणजे हाताला लागणारं बल किती वाढलं. हे दोन आकडे एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत, त्यामुळे एक बदलला की दुसरा बदलणारच.

गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफ. टेकू मध्ये, एका टोकाला आपलं बल, दुसऱ्या टोकाला भार. पहारीने दगड उलथताना टेकू दगडाच्या जितका जवळ, तितका दगड हलका लागतो, पण पहारीचं वरचं टोक तितकं जास्त खाली आणावं लागतं. गाडीत हा टेकू म्हणजे दांड्याच्या खालच्या भागातला गोळा. गोळ्याच्या वर लांब भाग आणि नॉब, म्हणजे हातात धरायची मूठ, खाली छोटंसं टोक. ते टोक गिअरबॉक्समधली सळई पुढे-मागे सरकवतं.

हे सगळं अगदी उघडं दिसतं ते माझदाच्या एमएक्स-५ या गाडीत, म्हणजे अमेरिकेत मियाटा नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती जगापुढे आली आणि २०१६ मध्ये १० लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, गिअरबॉक्स लांबीला उभा. त्यामुळे दांड्याचं खालचं टोक थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत उतरतं. मध्ये केबल नाही, जोडदांड्या नाहीत. मुळातच या गाडीचा गिअर इतका आटोपशीर पडतो की तिला शॉर्ट शिफ्टर बसवण्याची हौस मला थोडी अतिरेकी वाटते. पण हौशी लोकांनी ती भरपूर केली आहे, आणि तत्त्व समजून घ्यायला यापेक्षा सोपी गाडी नाही.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. समजा, गोळ्यापासून नॉब २४० मिलिमीटर वर आहे आणि खालचं टोक ६० मिलिमीटर खाली. गुणोत्तर चारास एक. गिअर पूर्ण बसायला आतली सळई न्यूट्रलपासून १० मिलिमीटर सरकावी लागत असेल, तर नॉब ४० मिलिमीटर हलवावा लागेल. आता टेकू २० मिलिमीटर वर उचलला. नॉबची उंची तीच ठेवली, तर वरचा भाग २२० आणि खालचा ८० झाला. गुणोत्तर २.७५. नॉबचा प्रवास ४० वरून साडेसत्तावीस मिलिमीटरवर आला, म्हणजे ३१ टक्के घट. आता बल बघा. आधी हाताने ३० न्यूटन लावले की सळईवर १२० न्यूटन पडत होते. तेच १२० न्यूटन हवे असतील, तर हाताला आता सुमारे ४४ न्यूटन लावावे लागतील. अंतर ३१ टक्क्यांनी कमी, बल ४५ टक्क्यांनी जास्त.

दुसरा मार्ग स्वस्तातला: टेकूला हात न लावता दांडा वरून कापायचा आणि नव्याने आटे पाडून नॉब बसवायचा. प्रवास यातही घटतो, पण दांड्याचा कोन तेवढाच राहतो आणि नॉब खाली जातो. हात कुठे पोचतो, हे सीटवर बसून न बघता कापला तर पस्तावायची पाळी येते.

आता खरा प्रश्न: याने गिअर लवकर पडतो का? समजा, हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने हलतो. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना न्यूट्रलच्या दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा असे वाचलेले २५ मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. गिअर पडायला लागणारा बाकीचा वेळ हाताच्या ताब्यातच नसतो, तो सिंक्रोच्या, म्हणजे गिअरबॉक्समध्ये फिरणाऱ्या भागांची गती जुळवणाऱ्या यंत्रणेच्या ताब्यात असतो.

ही सिंक्रोमेशची यंत्रणा अमेरिकी अभियंता अर्ल थॉम्पसन यांची. जनरल मोटर्सने ती १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आणली. तोवर वेगवेगळ्या गतीने फिरणारे दात जुळवण्याचं काम ड्रायव्हरचं होतं. जुन्या ट्रकवर उमेदवारी केलेल्या चालकांना डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबणं आठवत असेल, तो याचसाठी. मियाटाच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये दुसऱ्याचं गुणोत्तर १.८८८ आणि तिसऱ्याचं १.३३० आहे. दुसऱ्यात ६,००० आरपीएमवर क्लच दाबून तिसरा टाकायला गेलात, तर मागची बाजू चाकांना बांधलेली असल्याने तिची गती जवळजवळ तीच राहते. बदलायचं असतं ते पुढच्या बाजूने: इनपुट शाफ्ट, क्लच प्लेट आणि त्यांच्याबरोबर फिरणारी चाकं ६,००० वरून साधारण ४,२३० वर यायला हवीत. हे काम पितळी रिंग करते. सळईबरोबर सरकणारा स्लीव्ह, म्हणजे आतून दात असलेलं कडं, रिंगला गिअरच्या शंकूवर दाबतो, घर्षणाने गती जुळते, आणि जुळेपर्यंत रिंगचे तिरपे दात स्लीव्हला पुढे जाऊ देत नाहीत.

गती किती उतरवायची आणि फिरणाऱ्या भागांचं जडत्व किती, हे दोन्ही ठरलेलं आहे. म्हणून वेळ अर्धा करायचा तर रिंगवरचं बल दुप्पट हवं. शॉर्ट शिफ्टर यात काहीच भर घालत नाही. उलट तुम्ही पूर्वीच्याच जोराने ढकललंत, तर रिंगवर आधीपेक्षा कमी बल पोचतं आणि सिंक्रो जास्त वेळ घेतो. हाताला ते कसं जाणवतं? दांडा मध्येच अडल्यासारखा वाटतो, मग आत घसरतो. सकाळी थंड गाडीत तेल घट्ट असताना दुसरा गिअर टाकून बघा, हा अडथळा सगळ्यात स्पष्ट तेव्हा लागतो.

मग लोक शॉर्ट शिफ्टर बसवून खूश कशाने होतात? माझ्या मते याचं उत्तर वेगात नसून ढिलाईत आहे. दांड्याचं खालचं टोक नायलॉनच्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या टोपणासारख्या अस्तरात बसतं. बुश झिजून तिथे अर्धा मिलिमीटर खेळ आला, तर चारास एकच्या दांड्यावर तो नॉबपाशी दोन मिलिमीटर दिसतो. गुणोत्तर २.७५ झालं की तोच खेळ १.४ मिलिमीटरवर येतो. शिवाय किट बसवताना बुशही नवाच पडतो. दांडा ताठ लागतो, गिअर कुठे बसला हे बोटांना नेमकं कळतं. या समाधानातला मोठा वाटा किटचा की नव्या बुशचा, हे किट घेण्याआधी तपासता येतं: नुसता बुश बदलून आठवडाभर गाडी चालवायची. त्याचा खर्च किटच्या मानाने किरकोळ असतो.

ढिलाई पराकोटीला कशी जाते, ते मुंबईत ज्यांनी पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पुढच्या सीटवरून प्रवास केला त्यांनी पाहिलंय. तिथे गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. तिथून गिअरबॉक्सपर्यंत जोडदांड्यांची माळ, आणि प्रत्येक सांध्यातला खेळ पुढच्यात मिळवला जायचा.

वजनदार नॉबचंही एक शास्त्र आहे. जड नॉब हालचालीत ऊर्जा साठवतो आणि मधल्या बारीक अडथळ्यांवरून दांडा सफाईने नेतो. पण नॉबचं वस्तुमान आतल्या सळईला जेवढं 'भासतं', ते गुणोत्तराच्या वर्गाने बदलतं. ४०० ग्रॅमचा नॉब चारास एकच्या दांड्यावर सळईला ६.४ किलोसारखा वागतो, २.७५ च्या दांड्यावर तोच जेमतेम ३ किलोसारखा. म्हणून दांडा आखूड केल्यावर हलका नॉब जास्तच ठोकळ्यासारखा लागतो, आणि शॉर्ट शिफ्टरबरोबर लोक जड स्टीलचा नॉब घेतात त्याला दिखाव्यापलीकडचं कारण आहे. काही केबलच्या गाड्यांत गिअरबॉक्सवरच्या आर्मला लोखंडाचा गोळा जोडलेला दिसतो, त्याचंही काम हेच.

मियाटात किट बसवायला गाडी उचलावी लागत नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण, गिअर न्यूट्रलमध्ये. नॉब फिरवून काढायचा, मधला कन्सोल उचलायचा, दांड्याभोवतीची रबरी आवरणं, म्हणजे बूट सोडायचे. आतला रबरी बूट जुन्या गाडीत बहुतेक फाटलेलाच निघतो. गिअरबॉक्सची उष्णता आणि आवाज केबिनमध्ये तिथूनच येत असतात, तेव्हा तोही बदलून घ्यावा. बोल्ट काढण्याआधी आजूबाजूची माती पुसायची, कारण खाली उघडं तोंड असतं आणि त्यात पडलेला खडा वर आणणं महाकठीण. दांडा उपसला की त्याच्या टोकावर बुश आला का ते बघायचं. कित्येकदा तो तुटून आतच राहतो आणि चिमट्याने काढावा लागतो. या खोबणीत गिअर ऑइलचा स्वतंत्र छोटा साठा असतो. पूर्वीच्या मालकाने तो कधी पाहिलेलाही नसतो. जुनं काळं तेल सिरिंजने ओढून नवं भरलं, की तेवढ्यानेच गिअर निम्मा सुधारला असं सांगणारे बरेच भेटतात. मग टेकू वर उचलणारा स्पेसर, गोळ्याला ग्रीस, नवा दांडा, सीलंट, बोल्ट.

कन्सोल परत लावण्याआधी एक तपासणी मात्र टाळू नये. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून प्रत्येक गिअर रिव्हर्ससकट टाकून बघायचा आणि दांडा कशाला टेकून थांबतो ते पाहायचं. तो आतल्या सळईच्या हद्दीवर थांबला तर ठीक. गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या पत्र्याला किंवा बूटाच्या चौकटीला टेकून थांबत असेल, तर स्लीव्ह पूर्ण बसलेला नाही. असा अर्धवट गिअर जोर आला की निसटतो आणि दातांच्या कडा गोल करतो.

टेकू वर गेला की दांड्याची आडवी हालचालही आखडते, म्हणजे पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा यांच्या गल्ल्या जवळ येतात. घाईत तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर काय होईल? तिसऱ्यात ६,००० वर असलेली मियाटा दुसऱ्यात इंजिनाला सुमारे ८,५०० वर फिरवेल. तिची लाल रेषा, म्हणजे इंजिनाच्या गतीची सुरक्षित मर्यादा, ७,००० च्या आसपास आहे. रेव्ह लिमिटर इथे हतबल असतो; तो इंधन तोडू शकतो, पण इंजिनाला फिरवणारी तर चाकं असतात. सिंक्रो बिचारा आज्ञाधारकपणे गती जुळवून देतो आणि क्लच सोडताच व्हॉल्व्हवर संकट येतं.

मियाटाच्या बाहेर पडलं की मामला किचकट होत जातो. बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री सिरीजमध्ये दांड्याखाली एक वेगळी सिलेक्टर दांडी असते. तिथे हौशींनी वेगळा किट न घेता झेड-३ या मॉडेलचाच दांडा बसवायची युक्ती काढली, कारण त्याचा गोळ्याखालचा भाग जास्त लांब आहे. पण खालचा भाग फार लांबला, तर सिलेक्टर दांडी प्रोपेलर शाफ्टच्या जोडाला घासू लागते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअर केबलवर चालतो: एक केबल पुढे-मागे, दुसरी आडवी. तिथे किट बऱ्याचदा पहिल्या केबलचंच गुणोत्तर बदलतो. पुढे-मागे हालचाल तुटक, आडवी मात्र पूर्वीइतकीच ऐसपैस, असा विचित्र नकाशा हाताला मिळतो. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज शेकडो वेळा पहिला-दुसरा करणाऱ्या माणसाने दीडपट बल विकत का घ्यावं, हे मला तरी पटलेलं नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आणि ज्या गाडीचा दुसरा गिअर टाकताना आधीच करकरतो, तिथे हा किट घेऊच नये. ती करकर पितळी रिंग झिजल्याची खूण आहे. अशा रिंगला गती जुळवायला जास्त बल किंवा जास्त वेळ हवा असतो आणि आखूड दांडा बलच कापतो. तिथे गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलण्यावाचून इलाज नाही.